भरतीचा अर्ज आणि नॉर्थफील्डच्या झेलियटबाई

या मालिकेत आत्तापर्यंत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोललो. कुठली पलटण कुठं होती, तोफा किती होत्या, रसद कुठं तुटली. आज लढाई नाही. आज एका अर्जाबद्दल बोलायचं आहे. "आम्हाला सैन्यात पुन्हा घ्या" असा अर्ज. आणि त्या अर्जाचा अर्थ आयुष्यभर शोधत बसलेल्या एका प्राध्यापिकेबद्दल. त्यांचं नाव एलिनॉर झेलियट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या कार्लटन कॉलेजात त्या शिकवत.

आधी हा विषय घेण्याचं कारण सांगतो. मी राहतो बोम्मसंद्र्यात. होसूर रोड, कारखाने, आता यलो लाइन मेट्रो. इथल्या मराठी घरांमध्ये मुलं बारावीला आली की एकच चर्चा: इंजिनिअरिंग कुठलं? अलीकडे मात्र एखादी मुलगी म्हणते, मला राज्यशास्त्र शिकायचंय, लिबरल आर्ट्सला जायचंय. सरजापूरच्या बाजूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, तिकडं पुण्यात फ्लेम आहे, सोनीपतला अशोका आहे. मग आईवडील सोसायटीच्या बाकावर मला गाठून विचारतात, "कर्नलसाहेब, यातून होतं काय?" प्रश्न रास्त आहे. फी भरायची आहे, पोरीचं आयुष्य आहे. त्याचं उत्तर मी हवेत देत नाही. मी त्यांना झेलियटबाईंची गोष्ट सांगतो. आज तीच तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. "जिथे गाव तिथे महारवाडा" ही म्हण तुम्हाला माहीत आहे. या म्हणीतच महार समाजाची जुनी परिस्थिती आहे. मराठी मुलखाच्या लोकसंख्येत सुमारे 9 टक्के असलेला हा समाज, पण एका जागी गोळा झालेला नाही, प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर थोडा थोडा. चांभाराकडे कातड्याचा धंदा होता, मांगाकडे दोरखंडाचा. महाराकडे धंदा नव्हता, वतन होतं. वेशीची राखण करायची, सरकारी खजिना पुढच्या गावाला पोचवायचा, शिवेचं भांडण निघालं तर साक्ष द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं. बदल्यात बलुतं आणि ते प्रसिद्ध बावन्न हक्क. म्हणजे काम सरकारचं आणि गावाचं, जबाबदारी विश्वासाची, आणि सावलीचाही विटाळ. हा विरोधाभास नीट लक्षात ठेवा.

इंग्रज आले तेव्हा या समाजाला गावाबाहेर पडायची एक वाट सापडली, ती म्हणजे कंपनीची पलटण. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार मोठ्या संख्येनं होते. 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव भीमाला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली जी तुकडी लढली, तिच्यात महार सैनिक होते. तिथल्या जयस्तंभावर मृतांची नावं कोरलेली आहेत. त्यातल्या अनेक नावांच्या शेवटी "नाक" येतं. हे "नाक" म्हणजे त्या काळी महार पुरुषांच्या नावाला लागणारा प्रत्यय. जात कुठं लिहिलेली नाही, पण नाव सांगतं. त्याच यादीत इतर जातीधर्मांचे लोकही आहेत, आणि पेशव्यांच्या बाजूनं लढणाऱ्यांत अरब होते. त्या काळचं सैन्य असंच असे. आज कोरेगावच्या नावानं वाद पेटतो, 2018 साली काय झालं ते आपण पाहिलंच. माझं मत सैनिकाचं आहे: त्या शिपायांना आजच्या देशभक्तीच्या फुटपट्टीनं मोजू नये, आणि त्यांचं शौर्य नाकारूही नये. ते पगारासाठी, निशाणासाठी आणि शेजारी उभ्या असलेल्या साथीदारासाठी लढले. दोन्ही बाजूंचे शिपाई असेच लढले.

पलटणीनं बंदुकीपेक्षा मोठी एक गोष्ट दिली: अक्षर. छावणीत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय असे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांच्या आईचं माहेरही लष्करातलं. स्वतः बाबासाहेब जन्मले ते महू छावणीत, 14 एप्रिल 1891 ला. निवृत्त झालेला महार सुभेदार दापोलीला किंवा साताऱ्याला घर करून राहायचा, त्याच्याकडे पेन्शन असायची, लिहिता यायचं, आणि हुकूम देण्याची सवय असायची. गावगाड्यात या माणसाला बसवायला जागाच नव्हती.

आणि नेमकं 1892 च्या सुमारास दार बंद झालं. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असतानाचा तो काळ. "लढाऊ जाती" नावाचं तत्त्व सैन्यात रुजलं. शीख, गुरखा, पठाण हे लढाऊ, बाकीचे नाहीत. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्या आणि महारांची भरती थांबली. ज्या समाजानं तीन-चार पिढ्या सैन्यात घालवल्या, त्याला एका धोरणानं सांगितलं की तुम्ही शिपाई नव्हेच.

आता अर्ज येतो. गोपाळबाबा वलंगकर हे कोकणातले निवृत्त सैनिक. "अनार्य दोषपरिहारक मंडळी" त्यांनी काढली, 1888 मध्ये "विटाळ विध्वंसन" नावाची पुस्तिका लिहिली. भरती पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनी सरकारकडे अर्जाचा खटाटोप केला. 1894 चा तो अर्ज. त्यातला युक्तिवाद असा की आम्ही मूळचे क्षत्रिय, काळानं खाली आलो, आणि आमच्या बापजाद्यांनी तुमची चाकरी इमानानं केली आहे. नंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे पुढं आले. सासवडला त्यांनी सभा घेतली, "सोमवंशीय मित्र" हे पत्र चालवलं, आणि 1910 मध्ये थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे, अर्ज गेला. मागणी काय? सरकारी नोकरीतल्या अगदी खालच्या जागा, पोलिसात शिपाई, सैन्यात शिपाई. फार काही नाही. पण युक्तिवाद बदलला होता. आता नुसतं "आम्ही चाकरी केली" असं नव्हतं. आम्हीही तुमची प्रजा आहोत, माणसं आहोत, मग जन्मावरून दार बंद का, असा सवाल त्यात होता.

1894 ते 1910, सोळा वर्षं. एका पिढीहून कमी काळात एक समाज इनाम मागण्यावरून हक्क मागण्यावर आला. हा बदल बारकाईनं पाहून त्याचा माग ज्यांनी काढला, त्या झेलियटबाई.

बाईंचा जन्म 1926 चा, आयोवा राज्यातल्या दे मॉईनचा. क्वेकर पंथाच्या. 1960 च्या दशकात त्या पुण्याला आल्या, मराठी शिकल्या, आणि बाबासाहेबांच्या चळवळीवर काम सुरू केलं. तो काळ लक्षात घ्या. बाबासाहेबांना जाऊन दहा वर्षंसुद्धा झालेली नव्हती. विद्यापीठांमध्ये आंबेडकर हा संशोधनाचा विषय आहे असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. कागद ग्रंथालयांत कमी आणि माणसांच्या घरांत, पेट्यांत, आठवणींत जास्त होते. 1969 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. दिली, विषय डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. त्याच वर्षी त्या कार्लटनला शिकवायला लागल्या आणि 1997 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या.

त्या बसत इतिहास विभागात. पण त्यांचा मूळ प्रश्न राज्यशास्त्राचा होता: ज्यांच्याकडे जमीन नाही, पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, ते लोक राजकारण शिकतात कसं? 1970 मध्ये रजनी कोठारींनी "कास्ट इन इंडियन पॉलिटिक्स" हा ग्रंथ संपादित केला. कोठारी आधी बडोद्याला शिकवत होते, आणि हा ग्रंथ येण्याआधीच दिल्लीला त्यांनी सीएसडीएस ही संस्था उभी केली होती. भारतीय राज्यशास्त्रात या ग्रंथानं मोठी उलथापालथ केली, कारण त्यांचं म्हणणं असं की जात राजकारणात घुसली म्हणून नुसतं ओरडू नका, राजकारणामुळे जातीचं काय होतंय तेही पाहा. त्या ग्रंथात झेलियटबाईंचा महारांवरचा निबंध आहे. त्याच्या नावातच "राजकीय साधनं वापरायला शिकणं" असा शब्दप्रयोग आहे. शिकणं! मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. राजकीय शहाणपण कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ते कवायतीसारखं आहे. चुकतमाकत, पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पडतं.

योगायोग बघा, 1969 मध्येच स्टीफन कोहेन या इलिनॉय विद्यापीठातल्या राज्यशास्त्रज्ञानं अस्पृश्य सैनिक आणि भारतीय सैन्य यावर लेख लिहिला, आणि दोन वर्षांनी त्यांचं भारतीय सैन्यावरचं पुस्तक आलं. आम्हा फौजी लोकांना कोहेन माहीत असतात. कोहेन सैन्याच्या बाजूनं बघतात: कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, त्याचा राज्यव्यवस्थेवर परिणाम काय. झेलियटबाई भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं बघतात. दोन्ही वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

मला जे उमगलं ते आता सांगतो. हे माझं वाचन आहे, चुकीचं वाटलं तर जरूर भांडा.

1910 चा अर्ज कागदोपत्री राहिला. मग 1914 ला महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडू लागली, आणि 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. जे पंचवीस वर्षं शास्त्रात बसत नव्हतं ते एका झटक्यात बसलं. युद्ध संपलं, आणि 1921 मध्ये पलटण बरखास्त. आपल्याकडे म्हणतात ना, गरज सरो वैद्य मरो. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं. 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या नॅशनल डिफेन्स कौन्सिलवर होते, त्यांनी भरतीचा आग्रह धरला, आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. वलंगकरांच्या अर्जापासून मोजलं तर सत्तेचाळीस वर्षं.

1917 आणि 1941, दोन्ही वेळा दार युद्धानं उघडलं. मग फरक काय? फरक असा की 1917 ला दार उघडलं तेव्हा आत या समाजाचं बोलणारं कुणी नव्हतं. 1941 ला होतं. मधल्या चोवीस वर्षांत साधनं बदलली होती. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढं बाबासाहेबांनी साक्ष दिली आणि मताधिकार मागितला. 1927 च्या 1 जानेवारीला ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचं चवदार तळं. बघा, एकाच वर्षात आधी सैनिकाची आठवण आणि मग नागरिकाचा हक्क. 1928 मध्ये त्यांनी महार वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. गोलमेज परिषद झाली. 1932 चा पुणे करार झाला, त्यात प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा ठरल्या. 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. अर्ज, साक्ष, सत्याग्रह, विधेयक, करार, पक्ष. ही साधनं एकापाठोपाठ हाताळली गेली, आणि प्रत्येक साधनाची मर्यादा कळली की पुढचं उचललं गेलं.

अर्ज करणारा माणूस समोरच्याच्या गरजेवर अवलंबून असतो. गरज असली तर तो ऐकतो, नसली तर फाइल बंद. मत देणारा, जागा निवडून आणणारा माणूस समोरच्यालाच आपली गरज लावतो. वलंगकरांपासून बाबासाहेबांपर्यंतचा प्रवास हा या एका धड्याचा प्रवास आहे. लष्करात आम्हाला रेजिमेंटचा इतिहास सांगतात: केव्हा उभी राहिली, कुठं लढली, कुणाला कुठलं पदक. महार रेजिमेंटचं तर नाव मोठंच. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख या रेजिमेंटचे, मेजर रामस्वामी परमेश्वरन परमवीर चक्राचे मानकरी. पण उभी राहिली *कशी*, त्यामागे किती अर्ज वाया गेले, ते पदकांच्या यादीत दिसत नाही. ते कळायला राज्यशास्त्र लागतं.

आता त्या आईवडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे नक्की काय? कार्लटन 1866 मध्ये निघालं. नॉर्थफील्ड गाव दूधदुभत्याचं, त्याचं ब्रीदवाक्यच गायी, कॉलेजं आणि समाधान अशा अर्थाचं आहे. अशा कॉलेजात पदवीपर्यंतचेच विद्यार्थी असतात. पीएच.डी.चे विद्यार्थी हाताखाली नसतात, मोठी प्रयोगशाळा नसते, प्राध्यापकाचं पहिलं काम शिकवणं. विद्यार्थी थोडे, आणि एकाच विषयात कोंडलेले नाहीत. इतिहासवाल्यानं कविता वाचायची, विज्ञानवाल्यानं समाजशास्त्र. आपल्याकडं 1885 मध्ये फर्ग्युसन निघालं तेव्हा कल्पना फार वेगळी नव्हती. शिक्षक कमी पगारावर, पण विद्यार्थ्यांत मिसळून.

अशा ठिकाणी संशोधन मोठ्या ग्रंथांपेक्षा निबंधानिबंधानं पुढं जातं, आणि झेलियटबाईंचं तसंच झालं. एका निबंधात चोखामेळा आणि एकनाथ, दुसऱ्यात धर्मांतर, तिसऱ्यात दलित कविता. हे सगळे निबंध 1992 मध्ये "फ्रॉम अनटचेबल टु दलित" या पुस्तकात एकत्र आले. त्याच वर्षी मुल्कराज आनंद यांच्याबरोबर त्यांनी दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह संपादित केला. आणि मूळ प्रबंध? तो पुस्तकरूपानं यायला 2004 साल उजाडलं. पस्तीस वर्षं त्याची टंकलिखित प्रत अभ्यासकांच्या हातांतून फिरत राहिली. एखादा प्रबंध पस्तीस वर्षं असा वापरला जातो, याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं?

शिकवण्याची बाजूही तशीच. अमेरिकेच्या त्या भागातल्या छोट्या कॉलेजांनी मिळून पुण्यात विद्यार्थी पाठवण्याचा उपक्रम चालवला, आणि बाईंचा त्याच्याशी जवळचा संबंध होता. वीस वर्षांची पोरं यायची, मराठी शिकायची, घराघरांत राहायची. त्यांना मराठी शिकवण्याचं साहित्य तयार करणाऱ्यांत मॅक्सीन बर्नसन होत्या, ज्या पुढं फलटणच्याच झाल्या. गेल ऑमवेट याही मूळच्या कार्लटनच्या पदवीधर, झेलियटबाई तिथं रुजू होण्याआधीच्या. त्या कासेगावात राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या. वसंत मून यांचं "वस्ती" ऑमवेटबाईंनी इंग्रजीत नेलं आणि त्याला प्रस्तावना झेलियटबाईंची. एका छोट्या कॉलेजाचं महाराष्ट्राशी नातं किती दूरवर जातं बघा.

त्यांच्या कामाला मर्यादा आहेत. लक्ष प्रामुख्यानं महार समाजावर आणि नेतृत्वावर आहे. मांग, चांभार यांच्या वाटा वेगळ्या होत्या, त्यांचा हिशोब वेगळा मांडावा लागेल. चळवळीतल्या बायकांची कहाणी तर आपल्याच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी "आम्हीही इतिहास घडवला" या 1989 च्या पुस्तकात, गावोगाव फिरून, मुलाखती घेऊन पुढं आणली. चांगल्या संशोधनाचं हेच लक्षण की ते पुढच्याला जागा दाखवून जातं.

झेलियटबाई 2016 च्या जूनमध्ये गेल्या. त्यांनी सरकार चालवलं नाही, निवडणूक लढवली नाही. पण आज कुणी महार पलटणीचा, वलंगकरांचा किंवा शिवराम जानबा कांबळ्यांचा उल्लेख जगातल्या कुठल्याही विद्यापीठात करतो, तेव्हा त्या वाटेवरचा पहिला दगड बहुधा त्यांनी लावलेला असतो.

म्हणून सोसायटीच्या बाकावर मी पालकांना असं सांगतो. पोरगी राज्यशास्त्र शिकली तर पगार किती मिळेल ते मला सांगता येणार नाही. पण एखादा जुना अर्ज हातात आला, तर त्यातली नम्र भाषा बाजूला सारून त्याखालचा सवाल वाचायला ती शिकेल. आपल्या देशात अजूनही रोज लाखो अर्ज लिहिले जातात. रेशन कार्डाचे, जमिनीच्या मोजणीचे, पेन्शनचे. ते वाचता येणारी माणसं टेबलाच्या पलीकडेही हवीत आणि अलीकडेही.

एक काम तुमच्याकडे देतो. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांचे लष्करातले, रेल्वेतले, गिरणीतले कागद असतील: पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा दाखला, एखाद्या अर्जाची नक्कल. रद्दीत घालू नका. मोडीत असेल तर वाचणारा शोधा, फोटो काढून ठेवा, आणि कुणाचा कागद, कुठल्या सालचा, हे मागं पेन्सिलनं लिहा. पुढं येणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला तोच कागद हवा असेल.

पुढच्या भागात बेळगाव छावणीबद्दल बोलू. तोपर्यंत रजा घेतो. जय हिंद.